पायरीगणिक मोल

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधला. त्याच्या पायऱ्या उतरून गंगेपर्यंत जाणाऱ्याकडे कोणी पायरीमागे पैसे मागत नाही. मात्र काशीयात्रा करून आलेल्या वडीलधाऱ्यांकडून एक तक्रार आपण पुष्कळदा ऐकलेली असते. विधीची दक्षिणा आधी ठरते. पण संकल्पासाठी हातात पाणी घेतले की एकेक नवी दक्षिणा निघू लागते. रक्कम मोठी नसते. अर्ध्यावरून उठता येत नाही, हे मागणाऱ्याला ठाऊक असते.

मोठ्या खर्चाचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांचा राग मला या यात्रेकरूच्या रागासारखाच वाटतो. असा एकेक खेळ घडवण्यास शेकडो माणसे आणि कित्येक वर्षे लागतात. त्याची किंमतही हजारांच्या घरात असते. ती मोजून खेळ घरी आणावा, तर आत आणखी एक दुकान उघडलेले! शस्त्र, पोशाख, नवे पात्र, सारे थोड्या थोड्या पैशांत. या व्यवहाराला मायक्रोट्रान्झॅक्शन, म्हणजे सूक्ष्म खरेदी, असे नाव आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळाच्या वेळी हा राग जगाला दिसला. खेळाची किंमत सुमारे ६० डॉलर होती. ती भरूनही डार्थ व्हेडरसारखे नामांकित पात्र कुलूपबंदच. त्यासाठी आरंभी ६०,००० गुण लागत. खेळाडूंनी हिशेब मांडला, तो एका पात्रास सुमारे ४० तासांचा निघाला. पैसे भरून नशिबाच्या पेट्या उघडणाऱ्याला मात्र बळ लवकर मिळे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने खुलासा केला. त्यावर नापसंतीची सहा लाखांहून अधिक मते पडली. अखेर खेळ सर्वत्र विक्रीस येण्याच्या आदल्या दिवशी ही खरेदी थांबवण्यात आली. २०१८ साली ती परतली, पण पात्रांच्या वेशभूषेपुरतीच.

हा शेवटचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. खेळाडू कंजूष नाहीत. कुस्तीच्या फडात कोणी रेशमी फेटा बांधून यावे, त्याला हरकत कोण घेईल? पण पैसे भरून प्रतिस्पर्ध्याचा एक हात बांधून घेणे कोण खपवून घेईल? नशिबाच्या पेटीत काय निघेल, हे तर घेणाऱ्यालाही माहीत नसते. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले, ते योग्यच झाले. शिवाय अनेक खेळांत आधी रुपयांची खेळातली नाणी करून घ्यावी लागतात. नाणी खर्चताना हात आखडत नाही, आणि लहान मुलांचा तर मुळीच नाही.

निर्मितीचा खर्च वाढला, असे कंपन्या म्हणतात. ते खरे आहे. फुकट मिळणाऱ्या खेळात दुकान असणेही मी समजू शकतो. पूर्ण किंमत घेतल्यावर ते कशासाठी? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. तो एकदा विकत घेतला की शेवटपर्यंत आपला.

भाचा नवा खेळ मागतो, तेव्हा हल्ली मी किमतीआधी आत दुकान आहे का, ते विचारतो. बहुधा तो विषय बदलतो.