जोड मिळाली तरच कुस्ती!

दरवर्षी ऑगस्टमध्ये हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. "कराटे, कुस्ती, बॉक्सिंगची आवड असणाऱ्यांनी संध्याकाळी सहा वाजता जिमखान्यासमोर जमावे." पहिल्या दिवशी चाळीसेक जण जमतात. काही जण नवे कोरे ट्रॅकसूट घालून, काही जण नुसतेच बघायला. गणपतीपर्यंत पंचवीस उरतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ. आणि सबमिशनच्या आठवड्यात दोन. एक शिकवणारा आणि दुसरा त्याचा रूम पार्टनर! मग शिकवणारा पास आऊट होतो, किक पॅड जिमखान्याच्या कपाटावर धूळ खात पडतात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा नवा कागद लागतो.

यावर आपलं ठरलेलं उत्तर तयार असतं. "पोरांना इंटरेस्टच नाही हो!" मला हे अजिबात पटत नाही. इंटरेस्ट नसता तर पहिल्या दिवशी चाळीस जण आले कशाला असते? आवड असते, पण ती सांभाळणारं कोणी नसतं.

आमच्या मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. ओहोटीला कित्येकदा ती थांबवावी लागते, कारण बंदरात गाळ साचतो आणि लाँच धक्क्याला लागत नाही. म्हणून कोणी असं म्हणतं का, की समुद्रातलं पाणी संपलं? पाणी भरपूर आहे, फक्त गाळ काढायला हवा, आणि तो एकदा काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा काढावा लागतो. आपल्या मंडळांचंही तसंच आहे. परीक्षा, सुट्ट्या, भांडणं, कंटाळा हा सगळा गाळ. तो दरवर्षी साचणारच. प्रश्न एवढाच की तो उपसायचा कोणी?

आता कोणी म्हणेल, मंडळ हवंच कशाला? मोबाईलवर हवे तेवढे व्हिडिओ आहेत, रूममध्ये दार लावून शिकता येतं. मित्रांनो, जोर-बैठका एकट्याने काढता येतात. आरशासमोर पंच मारता येतात. पण समोरचा माणूस जेव्हा खरोखर तुमच्या पटाला हात घालतो, तेव्हा काय करायचं हे आरसा शिकवत नाही. आपल्या भाषेत यासाठी एक फार सुंदर शब्द आहे. कुस्तीत आपल्याशी लढणाऱ्या तोलामोलाच्या मल्लाला आपण 'जोड' म्हणतो. लढणारा तो आपल्या विरुद्धच, पण शब्द मात्र जोडण्याचा! जोड मिळाली नाही तर कितीही ताकदीचा पैलवान हात चोळत बसतो. म्हणजे या विद्येत माणसं जमवणं हे शिकण्याच्या आधीचं काम आहे.

हे आपल्या जुन्या तालमींना नीट कळलं होतं. तालमीत नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी ढाक किंवा घिस्सा शिकवत नाहीत. त्याच्या हातात खोरं देतात. हौद्यातली तांबडी माती रोज उकरावी लागते, नाहीतर ती दगडासारखी घट्ट होते आणि पडणाऱ्याचं हाड मोडतं. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात. हे काम पगारी नोकर करत नाही, लढणारेच करतात. ज्याने स्वतः माती उकरली त्याला तो आखाडा आपला वाटतो. आपल्याकडे मात्र नवीन पोरगा आला की तो प्रेक्षक किंवा गिऱ्हाईक असतो. मॅट दुसरा कोणीतरी टाकतो, झाडू वॉचमन मारतो, हा फक्त यायचा आणि जायचा. मग एक दिवस येत नाही, आणि कोणाला कळतही नाही.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. सुरुवात एका साध्या आखाड्याची. पण त्यांनी नुसते पैलवान घडवले नाहीत, तर शिकवणारे तयार केले. गावोगावचे तरुण तिथे यायचे, शिकायचे आणि आपल्या गावी जाऊन दुसऱ्यांना शिकवायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. आणि आपल्यासाठी मजेची गोष्ट म्हणजे, आज या मंडळाचं स्वतःचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे! आखाड्यातून इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहू शकतं, तर इंजिनिअरिंग कॉलेजात एक आखाडा का उभा राहू नये?

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं, दादरच्या शिवाजी पार्कातलं श्री समर्थ व्यायाम मंदिर. १९२५ पासूनची ही संस्था. तिथे मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कात झाली, तेव्हा पंधरा देशांचे खेळाडू आले होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रूढ केलेला हा व्यायाम. तो परदेशी पोरांच्या अंगात उतरला, तो काही एका जाहिरातीने नाही. तेच मैदान, तीच वेळ, वर्षानुवर्षं. येणाऱ्याला खात्री की आपण गेलो तर तिथे कोणीतरी असेलच. आपल्या हॉस्टेलमध्ये नेमकी हीच खात्री नसते. "आज आहे का रे प्रॅक्टिस?" हा प्रश्न ज्या दिवशी विचारावा लागतो, त्या दिवशी मंडळ अर्धं संपलेलं असतं.

आता भांडणांबद्दल. कराटेवाला तायक्वांदोवाल्याला हसतो, बॉक्सिंगवाला दोघांना हसतो, कुस्तीवाला म्हणतो या सगळ्यांना एकदा मातीत आणा! थोडी थट्टा ठीक आहे, तिच्याशिवाय हॉस्टेल कसलं? पण यातून दोन गट, मग दोन वेळा, मग दोन नोटिसा, आणि शेवटी दोन्हीकडे चार-चार टाळकी. मोठ्या पातळीवरही हेच होतं. २०२३ या एका सालात महाराष्ट्र केसरीचा किताब तीनदा लढला गेला. जानेवारीत पुण्यात, आणि नोव्हेंबरात दोन गटांच्या दोन स्पर्धा, एक फुलगावला आणि एक धाराशिवला. ज्या गदेसाठी पोरं आयुष्य घालवतात ती एकाच महिन्यात दोन ठिकाणी दिली गेली. यात पैलवानांचा काय दोष? पण किताबाची शान गेली ती त्यांचीच.

याउलट ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडे बघा. १८८२ साली त्यांनी टोकियोतल्या एका देवळात आपली शाळा काढली. जागा बारा चटयांची, विद्यार्थी नऊ, आणि स्वतःचं वय अवघं एकवीस, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या पोराएवढं! जुजुत्सूच्या वेगवेगळ्या घराण्यांचे डाव ते शिकले होते. कुठलं घराणं श्रेष्ठ या वादात न पडता, ज्यात समोरच्याला दुखापत न होता पूर्ण जोराने सराव करता येईल ते त्यांनी घेतलं. आपलं आणि दुसऱ्याचं दोघांचंही भलं, हे त्यांनी ज्युदोचं एक मुख्य तत्त्व मानलं. समोरचा टिकला तर आपला सराव टिकेल, असा हा सरळ हिशोब आहे. ज्युदो १९६४ साली ऑलिंपिकमध्ये गेला, पण सुरुवात नऊ जणांची होती. आपल्याकडे दिवाळीनंतर आठ उरतात म्हणून आपण रडतो!

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. मारामारी शिकवणारा गट हॉस्टेलमध्ये असणं ही जोखमीची गोष्ट आहे. चार दांडगे सिनिअर एकत्र आले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर सरावाच्या नावाखाली ज्युनिअरला बुकलणं सुरू व्हायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून आहेत. पण कायदा घटना घडल्यावर येतो. ती घडू नये म्हणून आखाड्याचा स्वतःचा कायदा लागतो. चांगल्या तालमीत वस्तादाची नजर सगळ्यांत जास्त कोणावर असते? जो सगळ्यांत ताकदवान त्याच्यावर. नवख्याशी लढताना त्याने हात हलका ठेवला नाही तर त्याला सगळ्यांसमोर बाहेर बसवतात. हा नियम आपण पहिल्या दिवशी भिंतीवर लावला पाहिजे, आणि सेक्रेटरीच्या जिगरी दोस्तालाही लागू केला पाहिजे. एका पोराचा अपमान झाला की तो एकटा जात नाही, त्याच्याबरोबर त्याची अख्खी विंग जाते.

आणि मुलींचं काय? संध्याकाळी सातनंतर गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद, आणि आपली प्रॅक्टिस साडेसहाला सुरू! मग आपणच म्हणायचं, "मुली येत नाहीत." २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. म्हणजे मुली लढायला तयार आहेत, आपलं टाइमटेबल तयार नाही. सराव सकाळी सहाला किंवा लेक्चर संपल्याबरोबर पाचला ठेवला तर हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

आता थोडं सर आणि मॅडम लोकांसाठी. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. जाण्यासाठी पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या कॉलेजात कोणी घर गहाण ठेवावं अशी कोणाची अपेक्षा नाही! जिमखान्याची किल्ली वेळेवर मिळावी, आठवड्यातून एकदा एखाद्या सरांनी येऊन दहा मिनिटं उभं राहावं, प्रथमोपचाराची पेटी भरलेली असावी, एवढंच मागणं आहे. सर नुसते उभे राहिले तरी दांडगाई आपोआप कमी होते, आणि पोरांना वाटतं की आपण करतोय ते कॉलेजला दिसतंय.

प्लेसमेंटचं टेन्शन असताना हे कशाला, असंही कोणी विचारेल. त्याला माझं उत्तर साधं आहे. केटी लागल्यावर रूमचं दार लावून बसणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या दाराबाहेरून "चल, पाच वाजले, तुझी जोड थांबलीय" असं ओरडणारा एक जण असेल तर किती फरक पडतो, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. तालमीत रोज पडावं लागतं, सगळ्यांसमोर पडावं लागतं, आणि उठून अंगावरची माती झटकून पुन्हा सलामी द्यावी लागते. याचा सराव इंजिनिअरिंगच्या पोरांइतका आणखी कोणाला लागतो?

म्हणून या वर्षी एवढं तरी करूया. वेळ एकच ठेवायची आणि ती परीक्षेतही मोडायची नाही. फार तर तासाऐवजी वीस मिनिटं करू. प्रत्येक नवीन येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक काम द्यायचं, मॅट टाकणं असो की हजेरी लिहिणं असो. प्रत्येकाला एक जोड ठरवून द्यायची, आणि तीन दिवस जोड आली नाही तर तिच्या रूमवर जाऊन चौकशी करायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जानेवारीतच सेकंड इयरच्या दोघांकडे सराव सोपवायचा. फायनल इयरवाल्याने त्यानंतर बाजूला उभं राहून बघायचं, चुकलं तर सांगायचं. जूनमध्ये बॅग भरताना कपाटाची किल्ली कोणाच्या तरी हातात टेकवणं म्हणजे वारसा देणं नव्हे.

रायगड जिल्ह्यात गावागावांत कबड्डी आहे. तिथे मैदानाच्या कडेला कोण बसतं ते एकदा बघा. गुडघे गेलेले जुने खेळाडू आणि चड्डी सावरत एकमेकांना पकडणारी सात-आठ वर्षांची पोरं. मधले सात जण बदलत राहतात, कडेचे असतात म्हणून खेळ चालू राहतो. आपल्या हॉस्टेलला चार वर्षांचंच आयुष्य असतं, त्यामुळे आपल्याला म्हातारे आणि पोरं दोन्ही इथल्यातूनच तयार करावी लागणार. फायनल इयर ते म्हातारे, फर्स्ट इयर ती पोरं!

येत्या सोमवारी पाच वाजता जिमखान्यासमोर या. ट्रॅकसूट नसला तरी चालेल. झाडू आहे, तो आधी हातात घेऊ.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल (मुक्काम पोस्ट मोरा)