पांढरा दगड, करडा फोटो

रविवारी पहाटे जबलपूरची हौशी फोटोग्राफर मंडळी स्कूटरवरून भेडाघाटच्या रस्त्याला लागते, तेव्हा घरातली माणसे साखरझोपेत असतात. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी तोफांच्या कारखान्यात नोकरीला. आठवड्यातला हा एकच दिवस त्यांच्या हक्काचा. शहरापासून अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, पण उजेडाच्या आत पोचायचे तर अंथरूण काळोखातच सोडावे लागते.

पहिला मुक्काम धुवांधार. नर्मदा इथे खडकावरून खाली कोसळते आणि तुषारांचा असा धूर उठतो की नाव कसे पडले ते वेगळे सांगायला नको. नवखा सभासद अगदी कठड्याशी जातो आणि दोन मिनिटांत लेन्स पुसत बसतो. जुने जाणते चार पावले मागे, वाऱ्याची दिशा बघून उभे राहतात. खिशात मऊ फडके असतेच. शटर सेकंदाच्या आठव्या भागावर ठेवले तर पाणी रेशमासारखे दिसते, पाचशेव्या भागावर ठेवले तर थेंबन्‌थेंब मोजता येतो. धबधब्याचा दणका यातल्या कशात जास्त उतरतो, यावर वाद घालायला मंडळींना एक जन्म पुरणार नाही!

खरी परीक्षा पुढे, संगमरवरी कड्यांच्या दरीत. पंचवटी घाटावरून नाव निघते. वल्ही मारता मारता नावाडी यमक जुळवत कड्यांची वर्णने ऐकवतो. दोन्ही बाजूंना पांढरे, पिवळसर, कुठे निळसर झाक असलेले कडे. डोळ्यांना ते लख्ख दिसतात. फोटो मात्र येतो करडा, राखेत लोळवल्यासारखा. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक यंत्र समोरची वस्तू पांढरी की काळी हे जाणत नाही. सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून ते हिशेब करते. त्यामुळे पांढरा दगड दिसला की ते प्रकाश कमी करून टाकते. म्हणून संगमरवराला यंत्र सांगते त्याहून एक-दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. फेसाळ पाण्यावर थेट ऊन असेल तेव्हा मात्र हात आखडता घ्यायचा, नाहीतर तिथे नुसता पांढरा डाग उरतो. छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळात ही चूक रोल धुऊन आल्यावरच कळायची. आता पडद्यावर लगेच दिसते. मोबाईललाही हाच भ्रम होतो, तेव्हा घरच्या लग्नात पांढऱ्या शालूचा फोटो काढतानाही ही युक्ती लक्षात ठेवायला हरकत नाही.

परतताना चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या. कलचुरी राजांच्या काळातले हे दहाव्या शतकाचे देऊळ. नावात चौसष्ट असले तरी गोल आवारातले कोनाडे त्याहून जास्त आहेत. इथल्या भग्न मूर्तींवर तिरपे ऊन पडेपर्यंत वाट पाहायची. मग पोहे आणि जबलपूरची खास खव्याची जिलबी.

क्लब खऱ्या अर्थाने भरतो तो संध्याकाळी, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. ही रीत जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. आपला फोटो चार जाणकारांपुढे ठेवायचा आणि तोंड मिटून ऐकायचे, हे तेव्हापासून चालत आले आहे. घरचे लोक "छान आलाय" म्हणतात. क्लबात कुणी तसे म्हणत नाही.

भेडाघाटचे फोटो पाहताना एक चित्र हटकून पुढे येते. उंच पांढऱ्या कड्यावरून नदीत उडी घेणारा मुलगा, हात पसरलेले, खाली हिरवे पाणी. पर्यटकांकडून नाणी मिळावीत म्हणून ही मुले उड्या मारतात. चित्र सुरेखच असते. मग कोपऱ्यातून एखादे काका विचारतात, "याने उड्या किती मारल्या?"

"तीन. पहिल्या दोन वेळा जमले नाही."

"त्याला, की तुम्हाला?"

खोली गप्प होते. उडी आपोआप घडली आणि कॅमेरा तयार होता, ही एक गोष्ट. "अजून एकदा मार, पैसे देतो" म्हणून घडवून आणलेली उडी ही दुसरी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. बक्षीस देणाऱ्या परीक्षकाला फरक कळायचा मार्ग नाही. खाली खडक किती खोल आहेत ते मात्र मुलाला ठाऊक असते. काहींचे म्हणणे, मुले नाहीतरी उड्या मारतातच, आपण फोटो काढला म्हणून काय बिघडले? त्यावर उत्तर एवढेच, की चुकलेल्या फोटोसाठी दुसरी उडी मागायची नाही. फोटो हुकला तर हुकला.

हे मानणारे सभासद आणखी एक करतात. निघताना पिशवीत पोस्टकार्डाच्या आकाराच्या प्रती असतात, मागच्या खेपेला टिपलेल्या नावाड्यांच्या आणि मुलांच्या. फोनवर पाठवणे सोपे खरे, पण प्रत्येकाकडे फोन असतोच असे नाही. घाटावर पोचल्यावर त्या वाटायच्या आणि मगच कॅमेरा बाहेर काढायचा.