शेगडी बाहेर, माणसं आत

थंडी वाजायला लागली की माणसाची अक्कल सगळ्यात आधी गोठते, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात हाच माणूस टेबलफॅन घेताना चार दुकानं पालथी घालतो, पाती मोजतो, गॅरंटी कार्डावर शिक्का मारून मागतो. थंडीत मात्र जे पेटेल ते घरात घेतो आणि दार लावून घेतो. त्यात हल्ली घराला चाकं लावून मिळतात म्हटल्यावर तर विचारायलाच नको.

आमच्या नळदुर्गाची थंडी ही काश्मीरची थंडी नव्हे. बेताच्या पगाराची, मध्यमवर्गीय थंडी आहे ती. पौषातल्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास येतो आणि पुढं जायला लाजतो. पण बोरी नदीवरून वारा सुटला की सोलापूरकडून आलेला पाहुणा दातावर दात वाजवतो. किल्ल्यातला पाणीमहाल १६१३ सालचा. आदिलशाहीतल्या कारागिरांनी धरणाच्या भिंतीच्या पोटात खोल्या काढल्या, त्या गारव्यासाठी. उबेची सोय त्यांनी केली नाही. ती ज्याची त्याने आणायची, असा साधा व्यवहार असावा.

आणि लोक आणतात. अणदूरचा खंडोबा वर्षातले जवळजवळ दोन महिने नळदुर्गात मुक्कामाला असतो (देवालासुद्धा बदली चुकत नाही, हे बँकेतल्या माणसाला फार दिलासा देणारं आहे), आणि पौष पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. माणसं टेम्पोतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात. शेकोटी उघड्यावर पेटते, गप्पा तिच्याभोवती होतात आणि झोप घोंगड्यात. शेकोटी उचलून ट्रॉलीत न्यावी, असं आजवर कुणाला सुचलेलं मी ऐकलं नाही.

ते सुचायला शिक्षण लागतं. गेल्या जानेवारीत आमचे मेहुणे भाड्याचं मोटारघर घेऊन आले. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्यांच्या मनात हे होतंच. गाडीत पलंग, ओटा, नळ, सगळं होतं. शिवाय उबेचे तीन प्रकार : विजेचा हीटर, सिलिंडरवरचा गॅस हीटर आणि "वेळ पडली तर असू दे" म्हणून कोळशाची शेगडी.

"दाजी, आता थंडीची काय बिशाद!"

"थंडीचं राहू दे. हा विजेचा हीटर कशावर चालणार?"

"बॅटरीवर!"

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तास अशी ती बॅटरी. म्हणजे खात्यात शिल्लक बाराशे वॅट-तास. हीटर दीड हजार वॅटचा. तासाला पंधराशे काढणारा खातेदार, बाराशेची शिल्लक! कागदावरसुद्धा अठ्ठेचाळीस मिनिटांत खातं रिकामं. इन्व्हर्टरची कटौती धरली तर त्याच्याही आधी. रात्र बारा तासांची. हा धनादेश जगातली कोणतीही बँक वटवणार नाही.

"मग गॅस लावू," मेहुणे म्हणाले. माझं भांडण खरं इथून सुरू होतं.

पत्र्याच्या बंद डब्यात ज्वाला पेटवायची म्हणजे तुम्ही आणि ती एकाच हवेवर जगणार. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं. ते काचांवरून ओघळतं आणि पहाटे गादी ओली. हे मी क्षम्य धरतो. ओल्या गादीमुळे फार तर सर्दी होते. पण हवा अपुरी पडली की जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. याची तशी कुणी सोय केलेली नाही. रक्तातल्या ज्या हिमोग्लोबिनने प्राणवायू वाहायचा, त्याला हा प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. प्रवासाने दमलेल्या माणसाला वेगळं काय होतं? तो म्हणतो, "प्रवास लागला," आणि पांघरूण ओढून घेतो.

हे मी घाबरवायला सांगत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामन इथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ प्रवासी गेले. त्यांत मुलंही होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातच वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. तिथे तर हीटरही नव्हता. जनरेटरचा विषारी वायू आत शिरला होता.

आणि शेगडी? तिची गंमत अशी की आपण सगळे तिला उलटी समजतो. धूर येतोय तोवर बाहेर ठेवतो, आणि निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, की "आता आण आत" म्हणतो. तो वायू निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो! धुराने निदान खोकला येतो, माणूस जागा होतो. निखारा जागं करत नाही.

"म्हणजे लोकांनी गारठून मरायचं का?" मेहुण्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. थंड मुलखात डिझेलवरचे हीटर असतात; त्यांचं जळण बंद कप्प्यात होतं, हवा बाहेरून येते, धूर नळीने बाहेर जातो. ते नीट बसवलेले असतील तर माझी तक्रार नाही. लडाखला जाताय, जरूर लावा, आणि वायूची सूचना देणारा भोंगाही लावा. पण नळदुर्गाला?

नळदुर्गाला घोंगडं पुरतं. झोपलेला माणूस साधारण सत्तर-ऐंशी वॅट ऊब देतो. चौघांचं कुटुंब म्हणजे तीनशे वॅटचा हीटर, तोही बिनभाड्याचा. घोंगडं ऊब तयार करत नाही, फक्त असलेली जाऊ देत नाही. लोकरीत अडकलेली हवा हीच त्याची तिजोरी. खाली एक घोंगडं, वर सोलापुरी चादर आणि आईची वाकळ, काचांना जाड पडदे, पायाशी गरम पाण्याची पिशवी, आणि खिडकी दोन बोटं उघडी. एवढ्यावर बारा डिग्रीत माणूस घोरतो. मेहुणे घोरले. मी साक्षीदार आहे.

पण मेहुण्यांना सांगायला दाजी होते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ढाब्याशी ट्रक लावून केबिनच्या काचा चढवून झोपणाऱ्या ड्रायव्हरला कोण सांगतं? उसाच्या फडाशेजारी कोपीत लेकराबाळांसह निजणाऱ्या तोडणी कामगाराला? त्यांच्याकडे ना भोंगा, ना निवड. हीटरच्या खोक्यावर सूचना असते, पण इंग्रजीत, आणि आमच्या कर्जाच्या फॉर्मवरच्या अटींइतक्या बारीक अक्षरात. त्या अटी न वाचता सही केली तर फार तर व्याज लागतं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. ज्वालेचा हीटर विकणाऱ्याने खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरात लिहावं : बंद जागेत लावून झोपू नये. मोटारघर भाड्याने देणाऱ्याने शेगडी काढून घ्यावी आणि भोंगा व घोंगडी द्यावीत. कारखान्याने उसाच्या उचलीबरोबर कोपीतल्या प्रत्येकाला एक पांघरूण द्यावं. आणि तुम्ही-आम्ही, निखारे कितीही गोजिरवाणे दिसले तरी, ते उंबऱ्याच्या आत घेऊ नयेत. थंडी सकाळी उन्हाबरोबर आपोआप जाते. तिला घालवण्याची एवढी घाई कशाला?