विश्लेषण : सांधेदुखीचा रुग्ण डॉक्टरांपर्यंत उशिरा का पोहोचतो?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सरकारी योजनेचे कवच मिळाले, कृत्रिम सांध्यांच्या किमतीही उतरल्या. मात्र संधिवात सुरुवातीलाच ओळखण्याकडे गावपातळीवर पुरेसे लक्ष नाही. छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्याच्या दृष्टीने हा प्रश्न का महत्त्वाचा आहे?

सगळी सांधेदुखी एकच का?

नाही. वाढते वय, वजन आणि कष्टाची कामे यांमुळे सांध्यांची झीज होते. हा झिजेचा संधिवात प्रामुख्याने गुडघ्यांत दिसतो. २०२० मध्ये जगात सुमारे ५९ कोटी ५० लाख लोकांना हा त्रास होता, असा अंदाज आहे. दुसरा प्रकार आमवाताचा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. त्याचे रुग्ण कमी असले तरी तो कर्त्या वयात गाठतो, महिलांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि उपचार न मिळाल्यास बोटे कायमची वाकडी होतात.

महाराष्ट्रातील स्थिती काय सांगते?

याचे उत्तर इंदापूर तालुक्यातील भिगवणमध्ये सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीनुसार पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तेथे घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे होते. आमवाताचे प्रमाण साधारण अर्धा टक्का निघाले. म्हणजे दुखणाऱ्या बहुतेकांना मोठ्या रुग्णालयाची गरज नसते. पण त्यांच्यातून आमवाताचे मोजके रुग्ण वेळेत वेगळे काढावे लागतात.

मराठवाड्यात चिंता अधिक का?

कापूस वेचणी, निंदणी आणि ऊसतोडणी ही कामे तासन्‌तास वाकून किंवा उकिडवे बसून, डोक्यावर ओझे घेऊन केली जातात. एक दिवस घरी बसले की मजुरी बुडते. त्यामुळे दुखणे अंगावर काढले जाते. त्यात चिकुनगुनियाची भर पडते. २००६ मध्ये देशात या आजाराचे सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्या साथीचा फटका मराठवाड्यालाही बसला होता. ताप आठवड्याभरात उतरतो, पण काहींचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात. साध्या दुखण्यापासून हा त्रास वेगळा ओळखावा लागतो. संधिवाताचे तज्ज्ञ मोजके आणि मोठ्या शहरांतच आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात म्हणजे घाटीत जालना, बीडसह शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. गावाकडच्या रुग्णाला तेथवर येण्यासाठी एक दिवस आणि प्रवासखर्च बाजूला काढावा लागतो.

उशीर झाल्यास काय बिघडते?

आमवाताच्या संशयित रुग्णाने लक्षणे दिसल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञांकडे पोहोचावे आणि तीन महिन्यांत औषध सुरू व्हावे, अशी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. या आजारावरील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट फार महाग नाही. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. ठरावीक काळाने रक्ततपासणीही लागते. प्रत्यक्षात अनेकांचे पहिले काही महिने वेदनाशामक गोळ्या, तेल-मालीश आणि स्टेरॉइडची भेसळ असलेल्या पुड्यांत जातात. पुडीने लगेच बरे वाटते, सांधा मात्र आतून खराब होत राहतो. शिवाय मूत्रपिंड, जठर आणि हाडांवर दुष्परिणाम होतात ते वेगळेच.

सरकारी पातळीवर काय झाले?

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १ लाख ५८ हजार रुपयांना मिळत असे, त्याची किंमत ५४ हजार ७२० रुपये (अधिक कर) ठरली. आयुष्मान भारत योजनेत गुडघेबदल शस्त्रक्रियेचा समावेश आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, या योजनेचा लाभ खुला झाला. हा दिलासा मोठा आहे, पण तो मिळतो सांधा पुरता निकामी झाल्यावर. दुसरीकडे, ३० वर्षांवरील नागरिकांच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर भर आहे. संधिवात त्यात नाही.

मग काय करता येईल?

भिगवणच्या पाहणीत घरोघरी जाऊन माहिती घेण्याचे काम प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केले होते. आशा सेविका घरोघरी जातातच. त्यांना तीन प्रश्न विचारता येतील: सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडतात का? दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांना सूज आहे का? हस्तांदोलन करताना पंजा दाबला की दुखते का? उत्तर ‘हो’ आले आणि त्रास काही आठवडे टिकला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत रुग्णाला थेट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येईल. निदान झाल्यानंतरची औषधे आणि रक्ततपासणी तालुक्यातच मिळाली, तर उपचार मध्येच सुटण्याचे प्रमाण घटेल.

झिजेच्या संधिवातासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन घटवणे हाच पहिला उपचार. एक किलो वजन कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे संशोधन सांगते. हे व्यायाम आयुष्मान आरोग्य मंदिरातही शिकवता येतील. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. शिकवणारे प्रशिक्षित हात मात्र हवेत.