चौकशी आणि विचारपूस

१९३५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन एका व्यवहारासाठी अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात आले होते. दारू सोडून त्यांना पाचेक महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, हाताशी पैसे फारसे उरले नाहीत आणि हॉटेलातल्या बारमधले हसणे-बोलणे त्यांना ओढू लागले. त्या क्षणी त्यांना एवढे उमगले की आपल्यासारख्याच एखाद्या दारूग्रस्ताशी बोललो, तर आज आपण तरू. फोनाफोनी करून त्यांनी रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकांची भेट मिळवली. स्मिथ यांना समजावणारे पुष्कळ भेटून गेले होते. पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचे नाही, असे बजावून ते आले आणि रात्री उशिरापर्यंत बसले.

विल्सन यांनी त्यांना स्वतःचे पिणे सांगितले, स्वतःची घसरण सांगितली. दारूबद्दल स्वानुभवातून बोलणारा हा आपल्याला भेटलेला पहिलाच माणूस, असे स्मिथ यांनी पुढे नमूद केले. त्याच वर्षी १० जूनला ते अखेरचे प्यायले. एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापना दिवस तोच मानला जातो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेली माणसे नव्याने आलेल्यांशी बोलतात, ती याच जाणिवेतून. ज्याने आपले झाकलेले आधी उघडले, त्याच्यासमोर दुसऱ्याला आपले उघडणे सोपे जाते.

हे घडते कसे, याचा शोध मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षे घेत आहेत. आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यात सर्वांत गाजला. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवायचे आणि ३६ प्रश्न द्यायचे. बारा-बारांचे तीन गट, वेळ एकूण पाऊण तास. सुरुवातीचे प्रश्न साधे: जेवायला कुणालाही बोलावता आले, तर कुणाला बोलवाल? फोन करण्याआधी काय बोलायचे याची मनात उजळणी करता का? मग प्रश्न हळूहळू खोल जातात. दुसऱ्यासमोर शेवटचे कधी रडलात, इथपर्यंत. प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचे. दुसऱ्या काही जोड्यांना तेवढाच वेळ निव्वळ वरवरच्या गप्पांचे विषय दिले होते. पहिल्या जोड्यांना शेवटी एकमेकांविषयी जी जवळीक वाटली, ती या दुसऱ्या जोड्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. दोघांची मते जुळतात की नाही, याने त्यात फारसा फरक पडला नाही. आम्हाला या निष्कर्षाचे मोल मोठे वाटते. आपल्या विचारांच्या माणसाशीच आपले जमेल, या समजुतीपायी आपण किती ओळखी उंबऱ्यावरच थांबवतो!

या प्रयोगाचे मर्म मात्र प्रश्नांपेक्षा आळीपाळीने बोलण्यात आहे. संशोधक सुसान स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले की दोघे आळीपाळीने बोलतात तेव्हा आपुलकी अधिक निर्माण होते. एकाने बराच वेळ सांगायचे, दुसऱ्याने फक्त ऐकायचे आणि नंतर भूमिका बदलायच्या, असे केल्यावर ती तेवढी येत नाही. नंतर हिशोब समसमान झाला तरी. सांगणाऱ्याने थोडे पुढे यावे, ऐकणाऱ्याने तेवढेच पुढे यावे, अशी ही चाल आहे. पहिल्याच भेटीत घरातली भांडणे सांगणाऱ्या माणसापासून आपण दूर सरकतो ते यामुळेच. त्याचे दुःख खोटे नसते, पण तिथवर आपली पावले पोचलेली नसतात.

महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या बायकांना ही चाल पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसत. खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ती उचलायची किंवा आपली जोडायची. माहेर, भाऊ, सासूचा बोल, लेकीची काळजी, विठ्ठल, सीतेचा वनवास, सगळे तिथे येई. जात्याच्या घरघरीत आवाज बाहेर फारसा जात नसे आणि जी समोर बसलेली असे तिच्यापर्यंत नेमका पोचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या स्त्रियांना सोबत घेऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लोकसाहित्याचा ठेवा म्हणून त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण घरात जिला तोंड उघडायची मुभा नव्हती, तिला रोज पहाटे एक ऐकणारी मिळत होती, हेही त्या लाखभर ओव्यांमधून कळते. शिवाय ओवीला एक आडोसा होता. सीतेचे म्हणून गाता येई आणि ऐकणारीला ते कुणाचे आहे हे न सांगता समजे. पिठाच्या गिरणीने बायकांचे खांदे वाचवले, ही फार चांगली गोष्ट झाली. दोघींनी समोरासमोर बसण्याची ती वेळ मात्र दळणाबरोबर गेली, आणि तिची जागा कशाने भरली, हे कुणी पाहिले नाही.

मराठीत दोन शब्द आहेत, चौकशी आणि विचारपूस. दोन्हींत प्रश्नच असतात. गाव कुठले, आडनाव काय, पगार किती, लग्न का नाही केले, मूल कधी, ही चौकशी. तिच्यात विचारणारा स्वतःचे काहीच पुढे ठेवत नाही. आडनाव विचारणाऱ्याला पुष्कळदा जात हवी असते आणि उत्तर देणाऱ्याला ते बरोबर कळते. अशा प्रश्नांना उत्तरे मिळाली, तरी जवळीक वाढत नाही. माणूस पुढच्या वेळी सावध होतो. आपल्या समाजात खासगी माहितीची देवघेव भरपूर आहे आणि तरीही एकटेपणा आहे, याचे एक कारण आम्हाला इथे दिसते. विचारपूस करणारा थांबतो, उत्तर ऐकतो आणि गरज पडली तर आपलेही एखादे दुखणे बोलून दाखवतो.

सांगितलेले जपले गेले नाही, तर मात्र सगळेच उलटते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत चघळली गेल्याचे कळले की तो माणूस पुन्हा त्या दारात येत नाही, आणि बहुधा दुसऱ्या दारीही जात नाही. म्हणून व्यसनमुक्तांच्या सभेत नाव आणि हकिकत त्या खोलीबाहेर नेऊ नये, हा दंडक इतक्या कसोशीने पाळला जातो. तिथे एकाचे सांगून होईपर्यंत कुणी मध्ये बोलत नाही, सल्लाही देत नाही. घरांमध्ये नेमकी हीच गोष्ट आपल्याला अवघड जाते.

संध्याकाळी मुलगा घरी येतो. ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले असते. त्याच्या लेखी ती चौकशीच असते. एखाद्या दिवशी वडिलांनी आधी आपलेच सांगून पाहावे: आज कामात माझ्याकडून चूक झाली, साहेबांसमोर मान खाली घालावी लागली. घरातले कर्ज, मोठ्यांमधली भांडणे असले ओझे मुलाच्या खांद्यावर टाकायचे नाही. त्याला पेलेल एवढेच सांगायचे. तो लगेच काही बोलेल असे नाही. जेवताना, किंवा दोन दिवसांनी दिवा मालवल्यावर, गणिताच्या पेपरात काय झाले ते अंधारात हळूच सांगेल. त्या वेळी ‘तरी मी सांगत होतो’ हे शब्द वडिलांच्या ओठांवर येतील. ते त्यांनी गिळावेत आणि विचारावे, ‘मग, पुढे काय झाले?’