राउटर घ्यावा तो घर पाहून

घरात ब्रॉडबँडची जोडणी आली की तिच्यामागोमाग एक लहानसे यंत्र घरात येते. त्याला राउटर म्हणतात. ते विकत घेण्याची वेळ आली म्हणजे बहुतेक गृहस्थ खोक्यावर छापलेला मोठ्यात मोठा आकडा शोधतात. आकडा मोठा तर वेग मोठा, हा हिशेब वरवर पाहता सरळ वाटतो; परंतु तो फसवा आहे. राउटर निवडावा तो घर पाहून, आकडा पाहून नव्हे, असे आमचे मत आहे. हे मत केवळ ग्रंथ वाचून बनलेले नाही. त्याची किंमत रोख मोजावी लागली आहे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी राउटर पुढच्या खोलीत होता आणि मुलीचा अभ्यास मागच्या खोलीत चाले. ऐन पाठ रंगात आला असता चित्र थांबे, शिक्षकांचा आवाज तुटे. तेव्हा दुप्पट आकड्याचा नवा राउटर आणला. मागच्या खोलीत फरक पडला नाही. पुढे भिंतींना रंग देण्यासाठी मधल्या भिंतीलगतचे पोलादी कपाट हलवले आणि त्या दिवशी पाठ अखंड चालला. कपाट जागेवर गेले, तशी तक्रारही परत आली! शेवटी जुनाच राउटर दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात उंच फळीवर ठेवला आणि प्रश्न मिटला. नवा राउटर खोक्यात पडून राहिला.

ह्या घटनेत चमत्कार कोणताच नाही. ज्याला आपण राउटर म्हणतो, त्या एका पेटीत निदान दोन यंत्रे नांदत असतात. एक यंत्र बाहेरून आलेली माहिती घरातील योग्य त्या उपकरणाकडे धाडते. राउटर ह्या शब्दाचा खरा अर्थ एवढाच. दुसरे यंत्र ती माहिती बिनतारी लहरींनी पाठवते आणि परत घेते. घरातील बहुतेक तक्रारी ह्या दुसऱ्या यंत्राच्या असतात, आणि त्यांचे मूळ लहरींच्या वाटेत असते.

ह्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. एकीची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांची संख्या, सुमारे २.४ अब्ज असते, तर दुसरीची ५ अब्जांच्या पुढे. प्रकाशाच्या वेगाला ह्या संख्यांनी भागले असता तरंगलांबी अनुक्रमे सुमारे १२.५ आणि ६ सेंटिमीटर निघते. पहिल्या लहरी भिंती अधिक चांगल्या ओलांडतात. पण त्या पट्ट्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व तेथेच वावरतात. दुसऱ्या पट्ट्यात जागा ऐसपैस आणि वेग अधिक. मात्र जाड भिंतीपुढे त्या लहरी लवकर थकतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. त्यात विटांची भिंत आली की ती आणखी घटते, सळयांच्या काँक्रीटमध्ये त्याहून अधिक घटते, आणि धातूचा पत्रा व आरसा तर लहरींना परतवून लावतात. पाण्याची टाकीही त्यांना गिळते.

आता खोक्यावरील आकड्याकडे वळू. ‘एसी १२००’ हे नाव बाजारात सर्रास दिसते. ह्यातील १२०० हा एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट मिळवून, वर पूर्णांक साधून तयार केलेला आकडा आहे. आपला मोबाइल मात्र सामान्यतः एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो. तेव्हा ही बेरीज त्याच्या वाट्यास कधीच येत नाही. शिवाय हे आकडे सैद्धांतिक कमाल मर्यादेचे आहेत. यंत्राशेजारी बसूनही प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच वेग मिळतो. काही स्वस्त यंत्रांत तर तारेचे पोर्ट १०० मेगाबिटांचेच असते. म्हणजे हौद मोठा, पण त्यात पाणी सोडणारी नळी करंगळीएवढी!

दुसरा भ्रम ‘शक्तिशाली’ ह्या विशेषणाचा. बिनतारी संपर्क हे भाषण नसून संभाषण आहे. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी मोबाइलला तिचे उत्तर द्यावे लागते, आणि त्याचा आवाज त्याच्या लहानशा बॅटरीच्या बेताचाच असतो. हाक ऐकू येते, पण उत्तर पोहोचत नाही, अशी स्थिती दूरच्या खोलीत होते. म्हणून मोबाइलवर खुणेच्या रेषा दिसत असूनही काम अडते. मोठ्या घरास खरा उपाय म्हणजे मोठा राउटर नव्हे, तर दूरच्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरे लहान प्रक्षेपक यंत्र बसवणे. तार ओढणे शक्य नसेल तर एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या यंत्रांचा संच घ्यावा. मात्र एकाच पट्ट्यावर ऐकून तेच पुढे सांगणारे साधे पुनःप्रक्षेपक वेग जवळजवळ निम्म्यावर आणते, हे लक्षात असावे.

मग वेग लागतो तरी किती? स्पष्ट चित्रपट किंवा पाठ पाहण्यास सुमारे ५ मेगाबिट पुरतात. चौघांनी एकाच वेळी पाहिले तरी २०. येथे मेगाबिट आणि मेगाबाइट ह्यांत गल्लत होऊ देऊ नये. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर दर सेकंदास फार तर १२.५ मेगाबाइटांची धारिका उतरते. जी जोडणीच १०० मेगाबिटांची आहे, तिच्यावर १२०० काय किंवा ३००० काय, बाहेरून येणारे पाणी तेवढेच.

ह्यावर कोणी म्हणेल, मग नव्या पिढीच्या यंत्रांस काहीच अर्थ नाही काय? तसे नाही. २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ६ ह्या पिढीत अनेक उपकरणांस एकाच वेळी थोडी थोडी माहिती वाटून देण्याची सोय आहे. ज्या घरात वा वाचनालयात पंधरावीस उपकरणे एकदम चालतात, तेथे तिचा उपयोग होतो. परंतु तो घ्यायचा तर उपकरणेही त्याच पिढीची हवीत. दोन माणसांच्या दोन खोल्यांस दोन्ही पट्टे आणि १००० मेगाबिटांचे पोर्ट असलेला साधा राउटर पुरेसा होय.

आता ज्या गुणाकडे ग्राहक पाहतच नाही, आणि ज्याला आम्ही वेगाहून मोठा मानतो, तो गुण म्हणजे सुरक्षितता. राउटर हा घराचा उंबरठा आहे. घरातील प्रत्येक पत्र, प्रत्येक देवघेव त्याच्यावरून जाते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेली लक्षावधी यंत्रे, त्यांत कॅमेरे आणि राउटरही, आपल्या ताब्यात घेतली. त्यांच्या एकत्रित माऱ्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे दुर्गम झाली. पुढच्याच महिन्यात तिच्या एका रूपाच्या हल्ल्याने जर्मनीतील सुमारे ९ लक्ष ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. ह्या ग्राहकांनी कोणता गुन्हा केला होता? कोणताच नाही. त्यांच्या उंबरठ्यावरील कडी कच्ची निघाली, एवढेच.

कडी पक्की ठेवण्याचे उपाय साधे आहेत. यंत्र आणल्याबरोबर त्याच्या व्यवस्थेचा परवलीचा शब्द बदलावा. डब्ल्यूपीए ३, आणि जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए २, ही संरक्षणपद्धती चालू करावी. मात्र तिसरा उपाय ग्राहकाच्या हाती नाही. प्रणालीतील उणिवा कालांतराने उघड होतात आणि त्यांची दुरुस्ती निर्मात्याने पाठवावी लागते. ती किती वर्षे मिळेल, हे खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने निर्मात्यांस हा किमान काळ जाहीर करणे भाग पाडले आहे, आणि सर्व यंत्रांस एकच सोपा परवलीचा शब्द देण्यासही मनाई केली आहे. औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, तशी राउटरच्या खोक्यावर दुरुस्तीच्या मुदतीची तारीख ठळक असावी, असा आग्रह आपणही धरला पाहिजे. दुकानदारास हा प्रश्न दहा ग्राहकांनी विचारला, तर अकराव्या ग्राहकासाठी त्याचे उत्तर तयार असेल.

म्हणून खरेदीस निघण्यापूर्वी एक प्रयोग करावा, आणि तो शाळेतील मुलांकडून करवावा. कागदावर घराचा नकाशा काढावा. मोबाइलवरील मापकाने प्रत्येक खोलीत लहरींची पातळी मोजून नकाशावर लिहावी. हे आकडे ऋण असतात: उणे ५० उत्तम, उणे ६७ कामापुरता, उणे ८० दुबळा. त्यांतील ३ चा फरक म्हणजे शक्ती निम्मी, हे मुलांस अवश्य सांगावे. नंतर राउटर मध्यभागी, उंचावर, कपाटापासून दूर ठेवून पुन्हा मोजावे. पुष्कळ घरांत हा प्रयोग संपेल, तेव्हा दुकानात जाण्याची गरजही संपलेली असेल. आणि जेथे उरेल, तेथे मनुष्य नकाशा हाती घेऊन जाईल. नकाशा घेऊन आलेल्या ग्राहकास केवळ मोठा आकडा दाखवून विकणे सोपे नाही.