बटण दाबणारे बोट कोणाचे?

अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांत मालिकेच्या शीर्षकसंगीतासाठी स्वतंत्र पारितोषिक आहे. २०१७ साली ते नेटफ्लिक्सच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’साठी काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांना मिळाले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने ‘स्किप इंट्रो’चे बटणही आणले! ज्या संगीताने घराला मान मिळवून दिला, त्यालाच टाळण्याची सोय घरच्यांनी करावी?

पण मी नुसता कंपनीला दोष देणार नाही. बटण दाबणारे बोट आपलेच. अशोक पत्कींच्या संगीतातले ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत आपल्याला पाठ झाले, ते रोज कानावर पडले म्हणूनच. परीक्षक फार तर बाहुली देतील. चाल जगवतो तो ऐकणारा. आपणच ऐकले नाही, तर मुले गुणगुणणार काय? टाळ्या नंतर वाजवा, आधी ते बोट आवरा!